मजुरीचा रकाना

तान्हा पोळा म्हणजे काय, हे नागपूरच्या माणसाला सांगावे लागत नाही. पण आमच्या वर्गात कोकणापासून मराठवाड्यापर्यंतच्या मैत्रिणी आहेत आणि दरवर्षी त्या विचारतात, म्हणून थोडे सांगते. पोळ्याला शेतकऱ्याचे बैल सजतात. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मुलांचे लाकडी बैल सजतात. दुसरे रघूजी राजे भोसले यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली, असे आमच्याकडे सांगतात. सकाळी काळी आणि पिवळी मारबत पाहून आलेली मुले संध्याकाळी धोतर-फेटा बांधून, चाके लावलेला बैल दोरीने ओढत घरोघर जातात. मोठी माणसे त्या बैलाला कुंकू लावतात आणि मुलाच्या हातावर पैसे ठेवतात. त्या पैशांना म्हणतात बोजारा.

नागपूरच्या कितीतरी मुलांच्या हाती स्वतःचे म्हणून येणारे पहिले पैसे बोजाऱ्याचे असतात. गंमत पाहा, ज्या बैलाने वीतभर जमीन नांगरली नाही त्याच्यासाठी हे पैसे मिळतात! यात मला वाईट काही वाटत नाही. सणाला मुलांचे कौतुक करायचे नाही तर कधी करायचे? पण आमच्या घरी या सणाची बाजू उलटी होती. आमचे बाबा सुतार. वर्षभर दारे-खिडक्या, पलंग, स्वयंपाकघरातली फळ्या-कपाटे ही त्यांची कामे. आणि मृग बरसला की तान्ह्या पोळ्याचे बैल. त्यामुळे इतर मुले बोजारा मोजत तेव्हा आम्ही भावंडे महालात रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली बसून गल्ल्याचा डबा सांभाळत असू.

बाबा चौथी शिकलेले. मी सहावीत गेले तेव्हापासून हिशेबाची वही माझ्याकडे आली. वही कसली, शाळेची शंभरपानी, मागच्या बाजूने सुरू केलेली. आडजात लाकूड किती फूट, खिळे, चाके, ऑइल पेंटचे डबे, घुंगरू, झुलीचे कापड, गोंडे असे एका बाजूला आणि विक्री दुसऱ्या बाजूला. उरले ते शिल्लक. सातवीत आम्हांला नफा-तोट्याची उदाहरणे आली. एका उदाहरणात खुर्ची बनवण्याच्या खर्चात सामान होते आणि मजुरीही होती. मी घरी येऊन वहीत एक नवा रकाना आखला, वर 'मजुरी' असे लिहिले आणि बाबांना विचारले, किती लिहू?

ते वाकस बाजूला ठेवून हसले. म्हणाले, "अवो बाई, घरच्या मान्साची मजुरी कोन लिवते? लाकडाचे पैसे देना लागते. मजुरी कोनाले देऊ?"

रकाना रिकामाच राहिला. पुढे तीन-चार वर्षे मी तो सवयीने आखत गेले आणि सवयीने रिकामा सोडत गेले.

आठवीत शाळेत 'खरी कमाई' आली. स्काऊट-गाईडच्या मुलांना ती ठाऊक असेल. आपल्या श्रमाने काही मिळवायचे आणि त्याचा हिशेब द्यायचा, अशी मूळ कल्पना. इंग्लंडमध्ये १९४९ साली बालवीरांनी असाच एक आठवडा सुरू केला होता. शेजाऱ्याची बाग साफ करावी, बूट पुसावेत आणि कामाचा एक शिलिंग घ्यावा. म्हणजे आधी काम, मग पैसा. आमच्याकडे तिचा झाला खाऊचा बाजार. पटांगणात टेबले लागली. कुणी भेळ, कुणी समोसे, कुणी संत्र्याचा रस. आमच्या गटाने भेळ केली. संध्याकाळी फळ्यावर प्रत्येक गटाचा नफा लिहिला गेला आणि आमच्या गटाला टाळ्या मिळाल्या. नफा तीनशे चाळीस रुपये. मुरमुरे एकीच्या घरचे, शेव दुसरीच्या घरची, चिंचेची चटणी माझ्या आईने पहाटे उठून केलेली, कांदे चिरायला दोघींच्या आया शाळेत आलेल्या. यातले काहीच खर्चात नव्हते. विकत आणला होता फक्त कागदी द्रोणांचा गठ्ठा. बाई मनापासून कौतुक करीत होत्या आणि मी मनात म्हणत होते, हा तर बाबांचाच हिशेब झाला!

मुलांना व्यवहार शिकवावा असे हल्ली सगळेच म्हणतात. सुट्टीत त्यासाठी फी घेऊन शिबिरे भरतात. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात तर सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना यावे आणि सुतार, माळी, कुंभार अशांकडे जाऊन काम पाहावे, शिकावे असे लिहिले आहे. सुताराचे नाव त्यात स्पष्ट आहे, हे मी घरी वाचून दाखवले तेव्हा बाबांना बरे वाटले. एकदा खरोखरच एका शाळेची वीस-बावीस मुले आमच्या शेडमध्ये आली. बाबांनी आदल्या दिवशी भुसा झाडून काढला, करवती उंच टांगून ठेवल्या. मुलांनी रंधा मारून पाहिला, कुरळ्या ढलप्या खिशात भरल्या. एका चुणचुणीत मुलाने विचारले, "काका, एका बैलामागे किती सुटतात?" बाबा म्हणाले, "सुटते थोडंबहुत." मुलगा वहीत काय लिहावे या विचारात पडला. उत्तर टाळण्याचा बाबांचा हेतू नव्हता. त्यांना ते खरेच माहीत नव्हते.

या वेळेपर्यंत मी महाविद्यालयात आले होते आणि अर्थशास्त्र घेतले होते. आमची सहल सेवाग्रामला गेली. नागपूरहून ७५ किलोमीटर, पण मी पहिल्यांदाच जात होते. बापूकुटी सगळ्यांनी पाहिली. मला ओढ वाटली ती नई तालीमची. परत आल्यावर ग्रंथालयात बसून तिच्याविषयी वाचले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते. नंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी अभ्यासक्रम आखला. एखादा हस्तोद्योग मध्यभागी ठेवायचा आणि त्यातूनच गणित, भाषा, विज्ञान शिकवायचे. सूतकताई, शेती यांच्या जोडीला त्यात सुतारकामही होते. मुलांनी केलेल्या वस्तू विकून निदान शिक्षकाचा पगार तरी निघावा, असा गांधीजींचा आग्रह.

यावर टीका झाली ती वाचण्यासारखी आहे. प्रा. के. टी. शहा यांनी त्या परिषदेतच शंका घेतली की शाळांचा माल बाजारात आला तर त्याच धंद्यातल्या कारागिरांशी ती अन्यायाची स्पर्धा होईल. सुताराची मुलगी म्हणून मला हे वाक्य टोचले. शाळेतल्या मुलाला पोट भरायचे नसते, त्याचे लाकूड सरकारचे. त्याचा पाट बाबांच्या पाटापेक्षा स्वस्तच पडणार! झाकीर हुसेन समितीनेही आपल्या अहवालात धोक्याची सूचना दिली होती की कमाईवरच भर दिला तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागतील आणि शिक्षण बाजूला राहील. पण मला आवडले ते वेगळेच. त्या माणसांनी मुलाच्या कामाचे तास मोजले होते. तासाला किती सूत निघेल, त्याची मजुरी किती होईल, याचे आकडे मांडले होते. बरोबर असोत की चूक, रकाना भरलेला होता.

हे सगळे पुस्तकातच राहिले असते. पण त्याच वर्षी घरात एक पेच पडला. धाकटा भाऊ तेव्हा आठवीत, तेरा वर्षांचा. पोळ्याच्या आदल्या दिवसापासून तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळपर्यंत तो गल्ल्यावर बसला. डबा नोटांनी भरला, मोजून रिकामा केला, पुन्हा भरला. एकूण विक्री सत्तावीस हजार. त्या रात्री जेवताना त्याने जाहीर केले, "मी आता शाळेत जात नाही. बाबांसंगच काम करतो. एवढे पैसे शिकून कोनाले भेटते?"

आईच्या हातातली पोळी हातातच राहिली. आमच्यासारख्या घरांत या वाक्याची केवढी धास्ती असते, हे शिबिरे भरवणाऱ्यांना कळणार नाही. तिकडे मुलाला व्यवहार कळत नाही म्हणून काळजी, इकडे तो फार लवकर कळेल म्हणून. हाती रोख पैसा खेळू लागला की पुस्तक सुटते, हे आमच्या गल्लीने किती वेळा पाहिले आहे! कायदाही तसाच आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कामाला ठेवता येत नाही. घरच्या धोका नसलेल्या धंद्यात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत केली तर चालते. पण भावाला कायदा सांगून काय उपयोग?

बाबा रागावले, आई रडली. मी वही काढली. मला दुसरे काही येत नव्हते. त्याला म्हटले, तू धंदा करणार ना, मग हिशेब तूच कर. दोघे रात्री अकरापर्यंत बसलो.

बैल केले पन्नास. विकले पंचेचाळीस, सरासरी सहाशेला. सामान बैलामागे तीनशे, म्हणजे पंधरा हजार. टेम्पो आणि ताडपत्री नऊशे. हाती राहिले अकरा हजार शंभर. इथवर तो खुशीत होता. मग म्हटले, आता तास. एका बैलाला बाबांचे तीन तास: खापलणे, पाय-शिंगे बसवणे, चाके. घासणे आणि रंग, झूल शिवणे यांचे दोन. त्यांतला मोठा वाटा आईचा, थोडा माझा. पाच तास गुणिले पन्नास, अडीचशे तास. भागाकार त्यानेच केला. ताशी चव्वेचाळीस रुपये आणि काही पैसे. बाबा बाहेरच्या कामाला जातात तेव्हा त्यांना आठ तासांचे आठशे मिळतात, हे त्याला ठाऊक होते. तो बराच वेळ आकड्याकडे पाहत राहिला. मग एकदम म्हणाला, "पाच बैल उरले ना! ते पुढच्या वर्षी विकतील. ते तू धरलेच नाही." बरोबर होते. अखेरचा शिल्लक माल! आमच्या वर्गातल्या काहींना तो परीक्षेतही आठवत नाही. ते पाच धरूनही आकडा साठच्या खालीच राहिला.

सकाळी तो आकडा बाबांपुढे ठेवला गेला. मला वाटले होते ते चिडतील. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "पान्या-पावसात बाहेर काम भेटते काय? आषाढात हात बसून रायला तं त्याचा भाव किती? काहीच नाही. मंग चव्वेचाळीस भेटले तं वाईट काय झालं?"

मी थक्क झाले. वैकल्पिक व्यय म्हणून आम्ही जो धडा दोन आठवडे शिकलो, तो चौथी शिकलेल्या माणसाने चहाच्या कपाबरोबर सांगून टाकला. ज्या दिवसांत दुसरे काम नाही, त्या दिवसांत तासाचे शंभर धरणे हीसुद्धा लबाडीच. पण भाऊ ऐकेना. "पोळ्याच्या आधीच्या आठ दिवसांत तर मखराची कामं येतात. तुम्ही दोन सोडली," तो म्हणाला. हेही खरे होते. मग वाद लागला तो थेट दुपारपर्यंत चालला: कोणत्या दिवसाचा भाव शंभर आणि कोणत्या दिवसाचा शून्य. शाळेचा विषय त्यात कुठे गेला कोण जाणे. सोमवारी तो दप्तर घेऊन गेला. आमच्या हिशेबाने गेला की मास्तरांचे बोलावणे आले म्हणून गेला, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आई इतका वेळ ओसरीत झुलीचे उरलेले तुकडे गुंडाळत होती. तिने विचारले, "माह्या नावापुढे किती लिवले?"

आम्ही तिघेही गप्प. बाबांचा दर बाजारात होता, शंभर म्हणा की शून्य. घासण्याचा, डोळे काढण्याचा दर कुणी कधी ऐकलाच नव्हता. बैलाचे डोळे आई काढते. बारीक कुंचल्याने, श्वास रोखून. गिऱ्हाईक उभ्या उभ्या दोन बैल हातात घेऊन ठरवते ते डोळे पाहूनच.

पुढच्या वर्षी बाबांनी मखराची दोन्ही कामे घेतली, बैल पस्तीसच केले आणि भाव साडेसहाशे सांगितला. काही गिऱ्हाइके पुढच्या दुकानाकडे वळली, बरीचशी घासाघीस करून थांबली. एकच बैल उरला. वही आता भावाकडे आहे. तो दहावीत आहे, बीजगणितात कच्चा आहे, पण मजुरीचा रकाना त्याने दोन भागांत आखला आहे, बाबांचा आणि आईचा. बाबांच्या भागात महिन्यागणिक वेगळे दर आहेत. आईच्या भागात त्याने पेन्सिलीने पन्नास लिहिले होते. तिने खोडून साठ करायला लावले.