बोटांचे मोल, वर्षांचे मोल

ताप्ती लाईनने खानदेशातील कितीतरी बिऱ्हाडे सुरतेस आली आणि त्यांतील काही आमच्या भेस्तानला स्थिरावली. या वस्तीत अर्ज लिहून देण्याचे काम पुष्कळ वर्षे माझ्याकडे आहे. जन्मभर हिशेबनिसी केलेली असल्याने मला कायद्यातले कळते, असा शेजाऱ्यांचा समज. आणि खोटे कशाला बोलू, माझाही तोच समज होता. तो कसा मोडला, तेच आज सांगावयाचे आहे.

आमचे शेजारी नाना एका रंगाईच्या मिलमध्ये कामाला होते. 2014 साली रोलरमध्ये सापडून त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. कर्मचारी राज्य विम्याच्या वैद्यकीय मंडळाने कमाईची शक्ती वीस टक्के घटल्याचे ठरविले. तीनशे रुपये रोजाचे नव्वद टक्के म्हणजे दोनशे सत्तर, आणि त्याचे वीस टक्के म्हणजे दिवसाला चोपन्न रुपये. महिन्याकाठी सोळाशेच्या आसपास रक्कम नानांना मिळू लागली.

2017 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, हात साथ देईना म्हणून त्यांनी काम सोडले. भविष्य निर्वाह निधीच्या 1995 च्या योजनेत दहा वर्षांची नोकरी झालेल्या माणसास, नोकरी सुटली असल्यास, पन्नाशीनंतर मुदतपूर्व निवृत्तिवेतन घेता येते. नानांची अठरा वर्षे भरली होती. पण चहाच्या टपरीवर कोणीतरी त्यांच्या मनात भय घातले होते. माझ्या ओट्यावर बसून ते म्हणाले, "भाऊ, एक लिधं ते दुसरं बंद व्हई जाई का?"

मी चष्मा पुसला आणि ठामपणे म्हणालो, "होय नाना. दोन्ही पैसे एकदम मिळत नाहीत."

कुठेतरी वाचलेल्या एका कलमाच्या आधारावर मी हे बोललो होतो. विमा कायद्यात तसे एक कलम होतेही. परंतु ते आजारपणाचा भत्ता आणि तात्पुरत्या अपंगत्वाचा भत्ता एकाच काळासाठी घेण्याविषयी होते. दुसऱ्या एका कलमाने त्याच स्वरूपाचा लाभ दुसऱ्या कायद्याखाली घेण्यास मनाई केली होती. नानांच्या प्रश्नाशी या दोहोंचाही संबंध नव्हता. कायम अपंगत्वाची रक्कम ही गेलेल्या बोटांची भरपाई. माणूस कामावर जावो, घरी बसो, ती हयातभर चालू राहते. निवृत्तिवेतन हे केलेल्या नोकरीचे फळ. एकाने दुसरे बुडत नाही.

हे मला वर्षभराने कळले, तेही दुसऱ्याच कामासाठी कचेरीत गेलो असताना. खिडकीवरच्या तरुण कारकुनाने दोन मिनिटांत उलगडा केला. घरी परतताना पाय उचलेनात. त्या वर्षात नानांच्या धाकट्या मुलीचे कॉलेज सुटले होते. ती आईबरोबर साड्यांवर टिकल्या चिकटवीत बसत असे.

त्याच संध्याकाळी मी नानांकडे जाऊन चूक कबूल केली. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आतातरी अर्ज लिव्हा."

अर्ज लिहिण्यापूर्वी मात्र मी पूर्ण हिशेब मांडला. सरासरी पगार सात हजार, त्याला अठरा वर्षांनी गुणून सत्तरने भागले की अठराशे. हे अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळाले असते. त्याआधी घ्यावयाचे तर प्रत्येक वर्षामागे चार टक्के घट, आणि ती घट कायमची. पुढे अठ्ठावन्न पुरे झाले तरी भरून येत नाही. चोपन्नाव्या वर्षी पंधराशेच्या आसपास हाती येणार होते. नानांनी विचार करून तेच घेतले. मुलगी पुन्हा कॉलेजात गेली. माझ्या अर्ध्या ज्ञानाने त्यांचे चार टक्के वाचले खरे, पण वर्षाचे सतराएक हजार गेले, आणि मुलीचे वर्षही गेले. या वजाबाकीत मी कोठे उभा राहतो, हे मला पुरते ठाऊक आहे.

वाचकहो, आपल्या घरी वा शेजारी असा प्रसंग आला, तर आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. नोकरीत असताना कायमचे आणि संपूर्ण अपंगत्व आले, तर याच योजनेत वेगळे निवृत्तिवेतन आहे. त्याला दहा वर्षांची अट नाही, महिनाभराची वर्गणीही पुरते, आणि वयाची कपातही होत नाही. अशा माणसाने घाईने मुदतपूर्व निवृत्तिवेतनाचा अर्ज करू नये. अर्जात निवृत्तिवेतनाचा प्रकार लिहावा लागतो. त्या एका शब्दावर जन्माचा हिशेब अवलंबून असतो. शिवाय 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली असल्याने जुन्या कलमांवर विसंबू नये. कचेरीत जावे, लेखी विचारावे, लेखी उत्तर घ्यावे.

नाना दरवर्षी हयातीच्या दाखल्यासाठी मला बरोबर नेतात. यंत्रावर डावा अंगठा ठेवतात. मी आता कोणालाही ओट्यावर बसून उत्तर देत नाही; "उद्या विचारून सांगतो," एवढेच म्हणतो. लोकांना वाटते, म्हातारा विसरू लागला. वाटू द्यावे.