घोडनदी ते केडगाव : सुईच्या वाटेने

शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात. एके काळी येथे इंग्रजांची लष्करी छावणी होती; पुढे गाव ओळखले गेले ते व्यापारी पेठेने. कापड दुकानांत कापून उरलेले तुकडे घरोघरच्या गोधडीत जातात. गोधडीचा टाका म्हणजे धावदोरा. सुई खाली-वर जाते; टाका आणि मधली मोकळी जागा सारखी ठेवायची, एवढेच. नवशिक्याने आरंभ येथूनच करावा. दोरा हातभरच घ्यावा. लांब दोऱ्याने वेळ वाचत नाही, गुंता मात्र होतो.

न्हावऱ्यावरून दक्षिणेकडे निघाले की उसाच्या हंगामात तोडणी कामगारांच्या कोप्यांवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसतात. जुन्या लुगड्यांचे थर आधी टाचून घेतात, मग कडेपासून आत आत फेर धरतात, म्हणजे थर सरकत नाहीत.

भीमा ओलांडली की दौंड तालुका. येथील केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन आहे. 1889 मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले आणि पुढे ते पुण्यास आणले. 1896-97 च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुली केडगावी आल्या. 1900 च्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या जणींना नुसते अन्न देऊन भागणार नव्हते. शेती, विणकाम, छापखाना यांच्याबरोबर शिवणही शिकवले गेले.

शिवण शिकणे म्हणजे धावदोऱ्याच्या पुढे जाणे. गोधडीला तो पुरतो, चोळीच्या शिवणीला पुरत नाही; ताण आला की उसवतो. तेथे उलटी टीप हवी : सुई एक टाका मागे टोचून दोन टाके पुढे काढायची. ज्या मुलीला ही टीप आली, तिला शिलाईचे पैसे मागता येतात.

रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकल्या आणि त्यांनी अंध मुलींना वाचावयास शिकविले. लोकरीचे विणकामही असेच बोटांनी वाचता येते. सुलट टाका गुळगुळीत लागतो, उलट टाक्याला उंचवटा असतो. दोन सुयांच्या या कामात सगळे टाके सुईवरच असतात. एक निसटला तर धाव खाली उतरत जाते. क्रोशात मात्र एका वेळी एकच फास मोकळा असतो, म्हणून चूक उसवणे सोपे. नवशिक्यांनी क्रोशाला भिण्याचे कारण नाही. आधी साखळी, मग मुका खांब, मग खांब.

दौंड जंक्शनवर गाडीची वाट पाहावी लागतेच. तेवढ्या वेळात साखळीचा हात सहज बसतो. पहिले काम म्हणून सामायिकाच्या लोकरी आसनाला कड घालावी. रेशीम वर्ज्य मानणाऱ्या घरांनी सुती दोरा घ्यावा. प्रत्येक कोपऱ्यात एकाच छिद्रात तीन मुके खांब घालावेत. न घातल्यास कोपरा आखडतो आणि आसन जमिनीवर सपाट बसत नाही.