मधले दिवस

७ जून

मृग लागला आणि या वेळी दिवस पाळून पाऊसही आला. सकाळी परड्यातली माती अजून वाफाळत होती, तेवढ्यात धाकटा ओंजळ मिटून धावत आला. ओंजळीत लालभडक मखमलीचा ठिपका. मृगाचा किडा. बोट लावलं की पाय पोटाशी घेऊन निपचित पडायचा, जरा वेळाने पुन्हा चालायला लागायचा.

थोरली यंदा चौथीत जाईल. कीटकाला सहा पाय असतात हे तिला पाठ आहे. ती भिंग घेऊन मोजायला बसली, तर आठ भरले. पुन्हा मोजले, पुन्हा आठ. “पुस्तक चुकलं का किडा चुकला?” दोघंही चुकले नव्हते. आपण त्याला किडा म्हणतो एवढंच. गोत पाहिलं तर तो कोळी आणि गोचिडांच्या घरचा. वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीखाली काढतो, पहिल्या पावसानंतर थोडे दिवस वर येतो आणि पुन्हा मातीत जातो. तिने जुन्या वहीची कोरी पानं शिवून घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं : ‘मृगाचा किडा. पाय आठ. मी मोजले.’

शेवटचे दोन शब्द तिने आपणहून लिहिले. मला ते फार आवडले.

१३ जून

कुंपणाच्या बेशरमाच्या पानावर सोनकिडा सापडला. पत्र्यातून कापून काढल्यासारखी सोन्याची टिकली, कडेने काचेसारखा आरपार दिसणारा काठ. धाकट्याला तो काडेपेटीत ठेवायचा होता. त्याला ‘नको’ म्हणताना मला माझ्या काडेपेट्या आठवल्या. आम्ही सगळेच ठेवायचो, कोवळा पाला घालून. दोन-चार दिवसांनी पेटी उघडली की सोनं गेलेलं आणि आत एक मातकट टिकली. कुणीतरी किडा बदलला असंच वाटायचं.

त्याचं सोनं हा रंग नव्हेच. आरपार दिसणाऱ्या कवचाखाली अतिशय पातळ थर असतात, त्यांत ओल असते, आणि त्यांवरून परतणारा उजेड आपल्याला सोनेरी दिसतो. जीव गेला, ओल आटली की सोनंही जातं. हे मला पस्तिशीत कळलं. धाकट्याला पाचव्या वर्षी कळलं, याचं समाधान वाटतं.

रात्री तिघांनी मिळून वहीत नियम लिहिले. बरणीत घेतलेला जीव दिवस मावळायच्या आत जिथून आणला तिथेच सोडायचा. केसाळ अळीला, मधमाशीला, गांधीलमाशीला हात लावायचा नाही. दगड उचलला तर होता तसा परत ठेवायचा.

१९ जून

कढीपत्त्यावर एक काळं फुलपाखरू सारखं घिरट्या घालत होतं. पानाला क्षणभर टेकायचं, पोटाचं टोक वळवायचं आणि उडायचं. ते गेल्यावर मुलांनी एकेक डहाळी तपासली. कोवळ्या पानांवर राजगिऱ्याच्या दाण्याएवढी, तशीच गोल, पिवळसर अंडी. एका पानावर एकच. मोजून सात.

हे मॉर्मन फुलपाखरू. आपली राणी पाकोळी, जिला २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलं, ती याच्याच भावकीतली. दोघांनाही लिंबाच्या कुळातली झाडं लागतात, आणि कढीपत्ताही त्याच कुळातला. अंडं कुठे घालायचं हे मादी पायांनी चाखून ठरवते. “पायांनी चव?” धाकट्याने आपला तळवा उचलून नीट निरखून पाहिला.

थोरलीने सातही डहाळ्यांना दोरे बांधले. फोडणीसाठी पलीकडच्या झाडाचा पाला घ्यायचा, असं सासूबाईंनी स्वतःच जाहीर केलं.

२४ जून

दोन दिवस उघडीप आहे. ओसरीच्या खिडकीच्या चौकटीवर कुंभारीण माशीने घर बांधायला घेतलंय. काळी-नारिंगी, कंबर दोऱ्याएवढी. मोरीच्या बाहेरच्या चिखलातून बाजरीच्या दाण्याएवढी गोळी घेऊन येते, ती थापते, आणि थापताना गूं गूं असा बारीक आवाज करते. थोरलीने सकाळी घड्याळ लावून मोजलं : तासाभरात चौदा खेपा. संध्याकाळपर्यंत तोंडाशी मुरड घातलेलं बोराएवढं मडकं तयार.

सासूबाईंनी मुलांना जवळ घेऊन स्वतःच्या आजीकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. कुंभारीण अळी आणून घरात कोंडते आणि बाहेर बसून गुणगुणत राहते. अळी भीतीने रात्रंदिवस तिचाच ध्यास घेते, आणि ध्यास घेऊन घेऊन एक दिवस कुंभारीणच होऊन बाहेर पडते. संतांनी भक्तीसाठी हाच दृष्टांत घेतला. ज्याचा ध्यास घ्यावा, ते आपण होतो. लहानपणी ही गोष्ट ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. आजही आला.

थोरली म्हणाली, “आजी, तू आत पाहिलंस का कधी?”

“आत कशी बघणार गं? घर बंद असतं ना.”

वहीत आज प्रश्न लिहिला गेला : ‘आतमध्ये काय होतं?’

२७ जून

आज माझ्या हातून चूक झाली. पाहुणे यायचे होते म्हणून ओसरीची जळमटं काढत होते. केरसुणीचा फटका चौकटीला लागला. कुंभारणीने कालपर्यंत दोन घरं बांधून लिंपली होती, त्यांतलं एक फुटून खाली पडलं. थोरली काही बोलली नाही. खाली बसून तिने एकेक तुकडा कागदावर उचलून घेतला. ते गप्प राहणं मला फार लागलं.

कागदावर आठ हिरव्या अळ्या होत्या, बारीक, घेवड्याच्या शेंगांवर असतात तशा. मेलेल्याच वाटल्या. भिंगाखाली धरल्यावर एकीचे पुढचे पाय थरथरताना दिसले, मग दुसरीचे. आणि मडक्याच्या वरच्या तुकड्याला केसासारख्या तंतूने लोंबकळणारं एक पांढरट, लांबुळकं अंडं.

मग मुलांना सगळं सांगितलं. कुंभारीण अळीला डंख करते. अळी मरत नाही, लुळी पडते. मेली असती तर दोन दिवसांत सडली असती; जिवंत आहे म्हणून ताजी राहते. अंड्यातून निघणारं पिल्लू हा साठा खाऊनच वाढायचं. अंडं आधी टांगायचं आणि शिधा मागाहून भरायचा, असा तिचा क्रम असतो.

धाकटा रडला, अळ्यांसाठी. थोरलीचे डोळेही भरले, पण अंड्यासाठी. मला दोघांचंही पटलं. दुसऱ्या घराखाली थोरलीने चिठ्ठी चिकटवली : ‘केरसुणी लावू नये.’

५ जुलै

कढीपत्त्यावरची सात अंडी होती, अळ्या पाच उरल्यात. एक अंडं उबलंच नाही, आणि एक अळी परवा बुलबुलाने नेली, आमच्या डोळ्यांदेखत.

इतके दिवस या अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसायच्या. तपकिरी, मध्ये पांढरा फराटा, ओलसर चमक. झाडाशी दोरे नसते तर आम्हालाही सापडल्या नसत्या. चार वेळा कात टाकून आज सकाळी दोघी हिरव्यागार झाल्या. थोरलीने गवताच्या काडीने एकीला हळूच स्पर्श केला, तर डोक्यामागून लाल, ओलसर, दुभंगलेलं शिंग बाहेर आलं आणि कुजक्या लिंबासारखा उग्र वास सुटला. धाकटा दोन पावलं मागे सरला. “आई, तिच्याजवळ एवढंच आहे ना भांडायला?” त्याने विचारलं. एवढंच. नंतर काडी त्यानेच तिच्या हातातून काढून घेतली.

११ जुलै

तीन अळ्या कोष करून बसल्या. उरलेल्या दोन कुठे गेल्या, कळलं नाही. विजेच्या खांबावर चढलेला वायरमन कमरेच्या पट्ट्यावर रेलतो, तसा प्रत्येक कोष रेशमाच्या एका धाग्यावर मागे रेललाय. पानांतले दोन हिरवे, वाळक्या काटकीवरचा तपकिरी. एकाच मादीची लेकरं, पण जागा पाहून रंग घेतलेला.

कोषात अळीचं बरंचसं शरीर विरघळतं. पंख, मिशा, लांब पाय घडवणारे पेशींचे इवलेसे पुंजके मात्र ती अळी असल्यापासून बाळगून असते. ते आता वाढू लागतात. थोरली बराच वेळ कोषाकडे पाहत होती. मग म्हणाली, “म्हणजे आजीची गोष्ट इथे खरी आहे. अळीच दुसरं कुणीतरी होते. फक्त घर चुकलं.”

मी एवढ्या वर्षांत हा विचार केला नव्हता.

२० जुलै

हिरवे दोन्ही कोष उमलले. पहिला काल पहाटे, आम्ही झोपेत असताना. दुसऱ्यासाठी मुलं आज सहाला उठून रेनकोट घालून बसली होती. कोष काळवंडला, आतून पंखांचा पांढरा पट्टा दिसू लागला, मग वरचं झाकण फाटून चुरगळलेलं, ओलं असं काहीतरी बाहेर आलं आणि काटकीला लटकलं. पंख अंगठ्याच्या नखाएवढे. पोट आकसायचं, सैल व्हायचं, आणि दर खेपेला पंखांत रस चढून घडी उलगडत जायची. वीसेक मिनिटांत पंख पूर्ण झाले, पण ते वाळून उडायला तास गेला. धाकटा एकदाही उठला नाही.

तिसरा, तपकिरी कोष निराळा निघाला. त्याला पिनेच्या टोकाएवढं भोक पडलेलं होतं. आमच्या समोरच त्यातून चिलटाएवढ्या, हिरवट चकाकणाऱ्या माश्या एकामागून एक बाहेर पडू लागल्या. चाळीसपर्यंत मोजून थोरलीने पेन्सिल खाली ठेवली. कोष कोवळा असताना यांच्या आईने त्यात अंडी घातली होती. कधी घातली, ते आमच्यापैकी कुणालाच दिसलं नाही, रोज पाहत असूनही.

“लिहू का हे?” तिने विचारलं. “लिही,” मी म्हटलं. फुलपाखराच्या पानाएवढंच पान तिने या माश्यांना दिलं.

२६ जुलै

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंग पाहण्याचा सप्ताह पाळतात, २०१२ पासून. आम्हीही परड्यात दोरीवर पांढरं धोतर टांगून पुढे दिवा लावला. तासाभरात पतंग, तुडतुडे, पंखवाल्या मुंग्या, आणि त्यांच्या मागावर आलेला एक प्रार्थनाकीटक. राखाडी पतंगाचा पंख भिंगाखाली धरला तर त्यावर कौलांसारखे खवले रचलेले.

“दिवा आवडतो म्हणून येतात का?” धाकट्याचा प्रश्न. आम्हाला शाळेत तसंच सांगितलं होतं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी वेगळंच टिपलं. उडताना कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्री जमिनीपेक्षा आभाळ उजळ, म्हणून पाठीला उजेड असला की वरची बाजू कळते. दिवा जवळ आला की हा हिशेब बिघडतो, आणि कीटक त्याच्याभोवती कलंडत, फेऱ्या घेत अडकून पडतात.

धाकट्याने ऐकून घेतलं आणि उठून दिवा बंद केला. साडेनऊच वाजले होते, पण कुणी हरकत घेतली नाही. आता ओसरीचा दिवाही गरजेपुरताच लावायचा, असं ठरलं.

२८ जुलै

दुसऱ्या घराला आज भोक पडलं. आम्ही जेवत होतो. सासूबाईंनीच हाक मारली, “अगं, या लवकर!” भोकातून आधी मिशा, मग नारिंगी डोकं. कडेची माती ओली करून, कुरतडून ती भोक रुंद करत होती. बाहेर आली, चौकटीवर बसून मिशा पुसल्या, पंख ताणले आणि पावसाची सर थांबल्याबरोबर गेली. घर बंद झाल्यापासून एकतीस-बत्तीस दिवस.

रिकाम्या घरात आम्ही विजेरी धरली. कांद्याच्या पापुद्र्यासारखं रेशमी अस्तर आणि तळाशी काळपट चुरा. अळी एकही नाही.

सासूबाईंनी भिंगातून पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “आमच्या म्हाताऱ्यांनी पाहिलं ते खरंच होतं गं. अळी आत जाते, कुंभारीण बाहेर येते. मधले दिवस कुणी पाहिले नव्हते, एवढंच.”

२४ जूनच्या प्रश्नापुढची जागा थोरलीने रिकामी ठेवली होती. तिथे तिने आजीचं वाक्य लिहिलं आणि खाली आजीची सही घेतली.

५ ऑक्टोबर

पाऊस सरला. संध्याकाळी परड्यावर चतुरांचा थवा तरंगतो. यांतले पिवळसर चतुर इथून निघून मालदीव बेटांवरून समुद्र ओलांडत पूर्व आफ्रिकेकडे जातात, हे चार्ल्स अँडरसन यांनी मालदीवमध्ये वर्षानुवर्षं नोंदी ठेवून २००९ मध्ये मांडलं. तेही तारखा लिहूनच. थोरलीने हे ऐकलं आणि आजची तारीख जरा ठळक काढली.

खिडकीपाशी पुन्हा एक कुंभारीण आली आहे. मोरीबाहेरचा चिखल मात्र वाळून कडक झालाय. काल ती तिथे उतरून दोनदा रिकामीच परतली. आज दुपारी धाकटा दिसेना म्हणून पाहिलं, तर मोरीमागे तांब्याने पाणी ओतून हाताने माती कालवत बसला होता. कोपरापर्यंत चिखल.

“तिला लागते,” तो म्हणाला.

साडेचारला ती आली. त्याच्या चिखलाच्या कडेला उतरली, गोळी केली आणि चौकटीकडे गेली. धाकट्याला अजून नीट लिहिता येत नाही, म्हणून वहीत त्याने सांगितलं आणि थोरलीने लिहिलं : ‘माती माझी नेली. खेपा सहा. मी मोजल्या.’