रतनवाडीच्या अंगणात एक रात्र

मैत्रिणींनो, सहलीचं सामान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? दशम्या, चटणीची बाटली, सतरंजी आणि औषधांची पिशवी. हे बांधण्यात आपला हात कोणी धरणार नाही. पण तंबू, झोपायची बॅग, डोक्याला बांधायची बॅटरी या वस्तू अजून आपल्या माळ्यावर आलेल्या नाहीत. मुलांच्या सहलीच्या निमित्तानं त्या भाड्यानं येतात आणि तशाच परत जातात. मग त्या कशा आहेत, हे बघायचं कोणी?

मी नाशिकच्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. आठवीच्या चोवीस मुलींना जानेवारीत भंडारदऱ्याकडे न्यायचं आणि रात्र तंबूत काढायची, असं ठरलं. सामान भाड्यानं देणारे म्हणाले, "मॅडम, बॅग शून्य डिग्रीची आहे. काळजीच सोडा." पालकसभेत मात्र एका आईनं विचारलं, "तुमच्यापैकी कोणी झोपलंय का त्यात?" प्रश्न अगदी रास्त होता. मी सामानाचा एक संच आधीच मागून घेतला आणि डिसेंबर २०२४ च्या तिसऱ्या शनिवारी निघाले. एकटीच. घरची मंडळी बरोबर असती तर यांना वारा लागतोय का, धाकट्याचे पाय उघडे पडलेत का, हे बघण्यातच रात्र सरली असती.

सासूबाईंनी दोन अटी घातल्या. तंबू कुणाच्या तरी अंगणातच ठोकायचा आणि शेंडीला उतरल्यावर फोन करायचा. दोन्ही अटी शहाणपणाच्या होत्या. हा सगळा मुलूख १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. मनाला येईल तिथे तंबू ठोकावा, लाकडं तोडून शेकोटी करावी, असं तिथे चालत नाही.

नाशिकहून घोटी, घोटीहून बारीमार्गे शेंडी. बारी म्हणजे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. आपल्या राज्यातलं हे सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. शेंडीशेजारी प्रवरेवरचं विल्सन धरण आहे. ते १९२६ साली पुरं झालं. त्याच्या जलाशयाला वळसा घालत जीप रतनवाडीला पोचते. माथ्यावर रतनगड, त्याच्याच अंगाखांद्यावर उगम पावणारी प्रवरा आणि गावात अमृतेश्वराचं काळ्या पाषाणातलं देऊळ. देवळावरची नक्षी बघावी तितकी थोडी. जवळच दगडी पुष्करणी आहे, तिच्या भिंतीत देवकोष्ठांतून विष्णूच्या मूर्ती आहेत. पावसाळ्यात इथे पर्यटकांची रीघ असते. डिसेंबरात गाव आपलं आपल्यापाशी असतं. भात झोडून झालेला, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या आणि दिवस कलला की हवेत एकदम गारवा.

ज्यांच्या अंगणात उतरले, त्या आजींना माझं हे खूळ काही पटेना. "घरात जागा हाये की बाई, भाहेर कशाला गारठता?" म्हणाल्या. मी सगळं समजावून सांगितलं, तेव्हा नागलीची भाकरी माझ्या ताटात वाढत त्या एवढंच बोलल्या, "थंडी वरून न्हाई येत, खालून येती."

आता परीक्षेचं सांगते. शाळेतला तापमापक मी बरोबर घेतला होता. रात्री नऊला बाहेर १४ अंश. मी मुद्दामच भाड्याच्या सामानापलीकडे काही वापरलं नाही, कारण मुलींपाशी तेवढंच असणार होतं. पहिले दोन तास बरे गेले. एक वाजता जाग आली. तापमापक १० वर आणि माझी पाठ, कंबर अगदी गार. पोटावर हात ठेवला तर तिथे ऊब होती. म्हणजे आजींचंच खरं. बॅगेतला कापूस फुगलेला असतो, त्यातली हवा ऊब धरून ठेवते. अंगाखाली तो दबला की हवा निघून जाते आणि जमीन अंगातली ऊब ओढून घेते. ती अडवायचं काम खालच्या मॅटचं. ही मॅट तर आपल्या पोळपाटाखालच्या फडक्याएवढी पातळ!

झोपताना आजींनी अंगणाच्या कडेला पेंढ्याचा भारा ठेवून दिला होता. "लागला तर घ्या." मी उठून तंबूच्या तळाखाली वीतभर जाड पेंढा पसरला. पंधरा मिनिटांत कंबर निवांत झाली. बॅग तीच, रात्र तीच, फरक फक्त खालचा.

मग बॅटरीच्या उजेडात बॅगेची आतली चिठ्ठी वाचली. तिच्यावर तीन आकडे होते: १५, ११ आणि ०. हे तीन आकडे प्रत्येकीनं लक्षात ठेवावेत असे आहेत. युरोपात ठरलेल्या मापाप्रमाणे पहिला आकडा म्हणजे बाईमाणसाला सुखानं झोप लागेल ते तापमान. दुसरा पुरुषासाठीची खालची मर्यादा. आणि तिसरा? तेवढ्या थंडीत बाई जेमतेम तग धरेल, पण झोप नाही आणि गारठून आजारी पडण्याचा धोका. दुकानदार सांगतो तो बहुतेक वेळा हा तिसरा. मुलींनी तग धरायचा नव्हता हो, झोपायचं होतं!

पहाटे पाचला ७ अंश. तेव्हा मी राखून ठेवलेले उपाय केले. गॅसच्या छोट्या शेगडीवर तंबूबाहेर पाणी तापवलं. तंबूत शेगडी कधीही पेटवू नका. आगीचं भय आहेच, पण बंद जागेत तयार होणारा विषारी वायू वासही न देता जीव घेतो. गरम पाणी स्टीलच्या बाटलीत भरून, ती मोज्यात घालून पायाशी घेतली. कोरडे लोकरी मोजे आणि कानटोपी चढवली, गूळ-शेंगदाणे खाल्ले. पोटात काही असलं की अंग तापतं.

आणखी एक. गारवा येऊ नये म्हणून तंबू गच्च बंद करण्याचा मोह होतो. पहिल्या प्रहरात मीही तसं करून पाहिलं. आपल्याच श्वासाची वाफ छतावर जमून थेंब टपकू लागले. झडप वीतभर उघडी ठेवल्यावर ते थांबलं. ओली बॅग थंड बॅग, हे धरून चाला.

भीती वाटली का, असं सगळ्या विचारतात. मध्यरात्री कुत्री भुंकली तेव्हा वाटली. मग घरातून आजींचं खोकणं ऐकू आलं आणि बरं वाटलं. डोक्यावर मृग नक्षत्र लखलखत होतं. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण कुणाच्याही हाकेकडे कान न लावता काढलेली ती पहिलीच रात्र. ते सुख काही वेगळंच!

परतल्यावर मुख्याध्यापिकाबाईंना मी लेखी दिलं: जाड मॅट, दर मुलीला एक जादा घोंगडी, तंबूखाली पेंढा, मुक्काम पाण्याकाठी न करता गावात, आणि संडास कुठे आहे ते उजेडीच दाखवायचं. रात्री अंधाराच्या भीतीनं पोरी सांगत नाहीत आणि तळमळत पडतात. सामानवाल्यांनी थोडी कुरकुर करून मॅट बदलून दिल्या. जानेवारी २०२५ मध्ये मुली जाऊन आल्या. सकाळी सहाला त्यांना उठवताना नाकी नऊ आले.

तेव्हा तुमच्या लेकीची अशी सहल ठरली, तर शाळेला निःसंकोच तीन गोष्टी विचारा. बॅगेच्या चिठ्ठीवरचा पहिला आकडा किती? अंगाखाली काय असणार? आणि आधी त्यात कोण झोपून आलं? आणि जमलं तर एखादी रात्र स्वतःच झोपून बघा. गच्चीवर किंवा परसात तंबू ठोकलात तरी पुष्कळ कळतं.