काळा शनिवार

7 फेब्रुवारी 2009 रोजी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात पेटलेल्या वणव्यांनी 173 माणसांचा बळी घेतला. दोन हजारांहून अधिक घरे जळाली, सुमारे साडेचार लाख हेक्टर प्रदेश होरपळला. तो दिवस 'ब्लॅक सॅटर्डे' म्हणून ओळखला जातो. प्रस्तुत लेखक त्या वेळी मेलबर्नच्या एका उपनगरात राहत होता. ईशान्येच्या आकाशात चढत गेलेला तांबूस धूर तिथून दिसत होता.

वणव्याची तयारी बरीच आधी झाली होती. राज्यात दहाएक वर्षे दुष्काळ होता. जानेवारीच्या अखेरीस मेलबर्नचा पारा सलग तीन दिवस 43 अंशांच्या वर राहिला. त्या उष्म्याच्या आठवड्यात राज्यात नेहमीपेक्षा 374 मृत्यू अधिक झाले, आणि या बळींची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. त्या शनिवारी पारा 46.4 अंशांवर गेला आणि उत्तरेकडून, वाळवंटाच्या बाजूने, तुफान कोरडा वारा सुटला. वणव्याचा धोका मोजण्याच्या तिथल्या निर्देशांकात 1939 सालच्या भीषण आगींचा दिवस 100 धरला होता. या दिवशी आकडा त्याच्याही बराच पुढे गेला. त्यात जंगल निलगिरीचे. पानांत तेल, खोडावर सुटलेल्या सालींच्या लांब पट्ट्या. पेटलेली साल वाऱ्याबरोबर कित्येक किलोमीटर जाऊन पडते आणि तिथे नवी आग सुरू होते.

एवढे सगळे असूनही ठिणगी कुठून तरी पडावी लागते. सर्वांत घातक आग किलमोर ईस्टजवळ दुपारी बाराच्या थोडी आधी लागली. टेकडीवरच्या दोन खांबांमधली चार दशकांहून जुनी वीजवाहिनी तुटली आणि खालचे वाळलेले गवत पेटले. रुंद ह्यूम महामार्ग ओलांडून ही आग किंगलेकच्या डोंगराकडे गेली. चढावर आग अधिक वेगाने धावते, कारण ज्वाळा वरच्या झाडोऱ्याला आधीच तापवून ठेवतात. या एका आगीत 119 माणसे गेली. चर्चिल गावाजवळची आग मात्र एका माणसाने मुद्दाम लावली होती. तिथे 11 जणांचा मृत्यू झाला.

संध्याकाळी वारा फिरला. मेलबर्नमध्ये नैर्ऋत्येकडून गार झुळूक आली, पारा झपाट्याने उतरला. लेखकाच्या घरात खिडक्या उघडल्या गेल्या, शेजारी अंगणात येऊन बसले. सुटलो, हीच सर्वांची भावना. तोच वारा पुढे आगीपर्यंत पोहोचला. तोवर आग्नेयेकडे चाललेल्या लांबट आगीची अख्खी बाजू आता तिचे तोंड झाली आणि कित्येक किलोमीटर रुंदीने पुढे सरकली. मेरीस्व्हिल हे डोंगरातले टुमदार गाव त्या संध्याकाळी अशाच दुसऱ्या एका आगीत जवळजवळ संपले. शहराला दिलासा देणाऱ्या त्या वाऱ्याने डोंगरात काय केले, हे रात्री उशिरा रेडिओवरून कळू लागले.

मृतांपैकी 113 जण घरांत सापडले. याला सरकारी धोरणाचाही हातभार होता. 'तयारी करा, थांबून घर वाचवा, नाहीतर लवकर निघा' असे लोकांना वर्षानुवर्षे सांगितले गेले होते. पन्हळींतला पालापाचोळा काढायचा, त्या तुंबवून पाण्याने भरायच्या, ओल्या पोत्यांनी निखारे विझवायचे, अशी ती तयारी असे. साध्या आगीत ती उपयोगी पडते. या दिवशी वीज गेली, विजेवरचे पंप थांबले, निखारे कौलांखाली शिरले. अनेकांनी शेवटी न्हाणीघराचा आसरा घेतला. तिथे पाणी असते, पण बाहेरचे काही दिसत नाही आणि बहुधा बाहेर पडायला दुसरे दारही नसते. आगीची धग तर ज्वाळा पोहोचण्याआधीच जीव घेते. धोक्याच्या सूचनाही उशिरा आल्या. काही गावांना आग दारात येईपर्यंत एकही सूचना मिळाली नाही.

पुढच्या दिवसांत लेखक ओळखीच्या मराठी कुटुंबांबरोबर व्हिटलसी येथील मदत केंद्रात सामान पोहोचवायला गेला होता. कपड्यांचे ढीग पडले होते, पण लोक फलकाभोवती उभे होते. त्यावर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या: अमुक सुखरूप आहे, अमुक कोणाला दिसला का. एक वृद्ध गृहस्थ प्रत्येक चिठ्ठी वाचून पुन्हा पहिलीपाशी येत होते. त्यांना काही विचारण्याचे धाडस कोणाला झाले नाही.

न्यायमूर्ती बर्नार्ड टीग यांच्या अध्यक्षतेखालील शाही आयोगाने 2010 मध्ये 67 शिफारशी केल्या. जुन्या वीजवाहिन्या बदलणे, गावागावांत आसऱ्याच्या जागा ठरवणे, वेळेवर सूचना देणे यांवर त्यांत भर होता. धोक्याच्या मोजपट्टीत सर्वांत वरचा नवा दर्जा आला: त्या दिवशी घर वाचवायला थांबायचे नाही. किलमोर ईस्टच्या आगीचा सामूहिक दावा 2014 मध्ये सुमारे 50 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या तडजोडीने मिटला. उष्मा आणि वारा माणसाच्या हातात नव्हते. तार, सल्ला आणि सूचना होत्या.

मेलबर्नच्या वेशीवर, झाडीत घर घेणारी मराठी कुटुंबे आता पुष्कळ आहेत. त्यांना एवढीच विनंती: 'कॅटस्ट्रॉफिक' हा धोक्याचा सर्वांत वरचा दर्जा जाहीर झाला, तर आदल्या रात्री किंवा सकाळी लवकर घर सोडा. धूर दिसण्याची वाट पाहू नका.