आईंचा पाळणा आणि माझा नवा डबा



गेल्या महिन्यात मंडळातल्या दोघी-तिघींनी विचारलं, "तू घरीच रेकॉर्डिंग करतेस ना, मग आम्ही कुठलं मशीन घेऊ गं?" फोनवर सांगून संपण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते. यात यंत्राची माहिती आहे आणि माझी एक चूकही आहे. माहितीपेक्षा चूकच जास्त उपयोगी पडेल असं वाटतं.

आमच्याकडे हे सामान आलं २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, मुलीच्या ऑनलाइन गाण्याच्या क्लाससाठी. दोन माइक लागतील असा छोटा ऑडिओ इंटरफेस, एक साधा डायनॅमिक माइक आणि हेडफोन. इंटरफेसला आम्ही घरात 'डबा'च म्हणतो. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि डबा माझ्याकडे राहिला. मग मी त्यावर मंडळाची भजनं, कधी आरती असं काही ना काही रेकॉर्ड करू लागले.

माझ्या सासूबाई, म्हणजे आई, मूळच्या चिकोडीकडच्या. महावीर जयंतीला बस्तीत पाळणा हलवताना म्हणायची त्यांची एक जुनी चाल आहे. ती त्यांना त्यांच्या आजीकडून आलेली, अर्धी कानडी, अर्धी मराठी. शब्द आमच्यापैकी बऱ्याच जणींनी वहीत उतरवून घेतलेत, पण ती चाल कुणालाच नीट येत नाही. वहीत चाल उतरत नाही ना!

दोन वर्षांपूर्वी आईंना कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं निदान झालं. आधी हात थरथरायला लागला, मग आवाज हळू झाला. आवाज असा बारीक होत जाणं हा त्या आजाराचाच भाग असतो, हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितल्यावर कळलं. तोवर मी त्यांना "आई, जरा मोठ्यानं बोला की" म्हणून दटावतच होते.

या वर्षी महावीर जयंतीला त्यांना बस्तीत फार वेळ बसवेना. संध्याकाळी घरी म्हणाल्या, "तुला घ्यायचा होता ना पाळणा? घे आता." मी घाईनं माइक लावला आणि त्यांनी सगळा पाळणा म्हटला. रात्री हेडफोन लावून ऐकलं तर आवाजामागे सतत सूंऽऽ असा आवाज. हळू आवाजासाठी मी गेनचं बटण शेवटपर्यंत फिरवलं होतं, त्यामुळे आईंबरोबर तोही वर आला होता. मनात आलं, डबा जुना झाला, आता चांगला घ्यायला हवा.

इथून माझी चूक सुरू झाली. एप्रिल, मे, जून असे तीन महिने मी रोज रात्री डबे बघत होते. ह्याचा कन्व्हर्टर चांगला की त्याचा? २५ हजारांचा पुरेल की थोडी भर घालून वरचा घ्यावा? या तीन महिन्यांत आईंचं गाणं मी एकदाही रेकॉर्ड केलं नाही. "नवा डबा आला की एकदमच नीट घेऊ" असं त्यांना सांगत राहिले.

आता कन्व्हर्टर म्हणजे काय ते सांगते. आवाजामुळे माइकमध्ये अगदी बारीक वीज तयार होते. ती मोठी करणारा भाग म्हणजे प्रीअॅम्प, ज्याचं गेनचं बटण आपण फिरवतो. मोठी झालेली वीज मोजून तिचे आकडे करणारा भाग म्हणजे कन्व्हर्टर. तो सेकंदाला ४८ हजार वेळा मोजतो. सीडीत ४४,१०० वेळा मोजलेलं असतं. माणसाच्या कानाला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं आणि त्याच्या दुपटीहून थोडं जास्त मोजलं की पुरतं. म्हणून ९६ हजार, १९२ हजार असे आकडे दिसले तरी आपल्या भजनांना त्यांची गरज नाही, फाइल मात्र दुप्पट-चौपट होते.

दुसरा आकडा बिटचा. सीडीत १६ बिट असतात, म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर बसतं. २४ बिटमध्ये कागदावर १४४ बसतं, पण प्रत्यक्षात चांगले कन्व्हर्टर १२० च्या आसपास थांबतात. माझा जुना डबा ११० च्या जवळपासचा होता. आणि मी ११० चे १२० करण्यासाठी झोप घालवत होते.

जुलैत माझ्या बहिणीचा मुलगा आला. तो साउंडचंच काम करतो. मी त्याला माझी यादी दाखवली. त्यानं ती वाचलीही नाही. म्हणाला, "मावशी, डबा नंतर. आधी पंखा बंद कर."

मग त्यानं मला तीन गोष्टी करून दाखवल्या. तुम्हीही नक्की करून बघा, पैसे पडत नाहीत. आधी कुणी न बोलता, पंखा चालू ठेवून एक मिनिट रेकॉर्ड केलं. मग पंखा बंद करून एक मिनिट. शेवटी माइक गोधड्यांच्या कपाटात ठेवून, दार लावून एक मिनिट. गेनचं बटण तिन्ही वेळा तिथंच. पंख्याचं मिनिट सर्वांत गोंगाटाचं. पंखा बंद केल्यावर पलीकडचा फ्रिज आणि ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू आली. कपाटातल्या मिनिटात उरली ती फक्त सूंऽऽ. तेवढाच काय तो डब्याचा दोष, आणि तोही प्रीअॅम्पचा, कन्व्हर्टरचा नाही.

तो म्हणाला, "हे बघ, रात्री शांत घरातसुद्धा ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. पंखा लावलास की ४५-५०. आजींचा आवाज माइकपाशी ६० येत असेल. म्हणजे तुझ्या हातात अंतर किती, दहा-पंधरा! तिथे ११० काय आणि १२० काय!" सराफाचा काटा कितीही बारीक असला, तरी पारड्यावर पंख्याचा वारा येत असेल तर सोनं बरोबर तोललं जाईल का? तसंच हे.

मग आम्ही बदल केले. माइक तोंडापासून हातभर लांब असायचा, तो वीतभर अंतरावर आणला. अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलनं वाढतो, तोही फुकट. 'फ', 'भ' म्हणताना वारा आत जाऊ नये म्हणून तो किंचित बाजूला ठेवला. हात थरथरतो म्हणून माइक हातात न देता स्टँडवर लावला आणि त्याची पाठ खिडकीकडे केली, कारण असे माइक पाठीमागचं फार कमी ऐकतात. पलंगावर, दारावर गोधड्या टाकल्या. आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं होत असल्यानं सात-साडेसातनंतर स्वयंपाकघर शांत असतं, म्हणून तीच वेळ ठरवली. फ्रिजही तासभर बंद ठेवायचा. (चालू करायला विसरू नका. मी एकदा विसरले होते!)

भाच्यानं त्याचा एक कंडेन्सर माइकही उसना दिला. डायनॅमिकपेक्षा हा माइक मुळातच १५-२० डेसिबल जास्त आवाज देतो, त्यामुळे गेनचं बटण शेवटपर्यंत न्यावं लागत नाही आणि सूंऽऽ आपोआप दबते. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. ती आमच्या जुन्या डब्यात पहिल्यापासून होती, मी ते बटण कधी दाबलंच नव्हतं. आई म्हणाल्या, "व्होल्ट पण अठ्ठेचाळीस, मोजणं पण अठ्ठेचाळीस हजार. भक्तामरचे श्लोकही तेवढेच. मग चांगलंच की!"

तरी माझं मन नव्या डब्यावरून हटलं नव्हतं. चार दिवसांवर चातुर्मास आला होता आणि चातुर्मासात औषधपाणी सोडून घरात नवी वस्तू आणायची नाही, असा माझा नियम असतो. आधी वाटलं, आजच ऑर्डर टाकून मोकळी व्हावं. मग माझीच मला लाज वाटली. नियमाच्या आदल्या दिवशी हौस भागवून घ्यायची, तर तो नियम कसला? ऑर्डर टाकली नाही.

आज वाटतं, त्या नियमानंच मला वाचवलं. नवा डबा येणारच नाही म्हटल्यावर वाट बघायला काही उरलंच नाही. आठवड्यातून दोनदा, आईंची गोळी घेऊन तासभर झाला की आम्ही बसायचो. एका वेळी एकच गाणं, दोनदा म्हणायला लावायचं नाही. त्या दमतात. आवाज मीटरवर उणे १२ च्या वर जाणार नाही एवढंच मी बघायचे, कारण शून्याला आवाज फाटला की तो पुन्हा शिवता येत नाही. दिवाळीपर्यंत पाळणे, ओव्या, आरत्या मिळून २३ झाल्या. सगळ्या जुन्याच डब्यावर.

दिवाळीनंतर मी नवा डबा घेतलाच. जुन्याचं गेनचं बटण फिरवताना खरखर यायची, एखादी बाजू मध्येच गप्प व्हायची. आणि पुन्हा म्हणायला लावायचं नाही म्हटल्यावर हा धोका परवडणारा नव्हता. घेताना कन्व्हर्टरचा आकडा पाहिला नाही, माइकचा गेन पाहिला. फोकसराइटचा स्कार्लेट टू-आय-टू बहुतेकींनी पाहिला असेल. त्याच्या २०१९ च्या तिसऱ्या पिढीत ५६ डेसिबल गेन होता, २०२३ च्या चौथ्या पिढीत ६९ झाला, आणि आवाज फाटायला लागला की गेन आपोआप खाली आणायची सोयही आली. हळू आवाजाच्या माणसासाठी हाच फरक कामाचा. पुढे भाच्यानं स्प्रे मारून जुन्याचं बटण साफ केलं आणि ते सुधारलंही! म्हणजे थोडी हौस होतीच, कबूल करते. जुना डबा आता पाठशाळेतल्या मुलांकडे आहे. घरात दोन ठेवले नाहीत.

मग एका रविवारी मंडळाच्या बायकांना तोच पाळणा तीनदा ऐकवला. एप्रिलचा, जुलैचा आणि नव्या डब्यावरचा नोव्हेंबरचा. जुलै आणि नोव्हेंबरमध्ये डबा बदललाय हे एकीलाही ओळखू आलं नाही. पण आईंचा आवाज उतरत गेलाय हे सगळ्यांना ऐकू आलं. जुलैत पट्टी खाली आणावी लागली होती. नोव्हेंबरमध्ये शेवटच्या ओळीतला वरचा सूर त्यांनी घेतलाच नाही, तिथे नुसतं बोलल्या. तो सूर पुरा लागलाय फक्त एप्रिलमध्ये, पंख्यासकट, सूंऽऽ सकट. खराब म्हणून तेच रेकॉर्डिंग मी पुसून टाकणार होते.

एप्रिलनंतरच्या तीन महिन्यांत मला ते किमान दहा वेळा घेता आलं असतं. ही माझी चूक.

परवा आईंना हेडफोन लावून एप्रिलचा पाळणा ऐकवला. डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच वर बघून म्हणाल्या, "अगं, पंखा बंद कर की." पंखा बंदच होता.

तर मैत्रिणींनो, कुठलं मशीन घेऊ हा प्रश्न दुसरा. घरात कुणाला जुनी चाल, ओवी, पाळणा येत असेल, तर आज संध्याकाळी जेवणं झाल्यावर पंखा आणि फ्रिज बंद करा, वीतभर अंतरावर फोन ठेवा आणि म्हणायला सांगा. पुढे सामान आलं तर २४ बिट, ४८ हजारावर घ्या, एका माइकला मिनिटाला साधारण साडेआठ एमबी जागा लागते. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. आमची मुलीकडे पुण्याला असते.

पहिलं रेकॉर्डिंग खराब आलं तरी पुसू नका.

जयजिनेंद्र.