बचावपटूच्या आईला

मांजरी बुद्रुक, पुणे
१८ जानेवारी

चि. मीनल,

निनादच्या सामन्याचा व्हिडिओ मिळाला. सोबत तू लिहिलंस की दोन हंगाम झाले तरी त्याच्या नावावर गोल नाही, कोचने त्याला बचावात टाकून दिलंय, आणि पहाटे अंधारात त्याला रिंकवर सोडायला जाताना आता तुझाच उत्साह सरतो. हे फोनवर नीट बोलून होणार नाही, म्हणून लिहितो.

मी खडकीत मातीच्या मैदानावर फुलबॅक खेळलो. तुमच्याकडची हॉकी बर्फावरची, गोली धरून सहा जणांची, आणि चेंडूऐवजी रबराची चकती. पण बॅकचं काम मला कुठेही ओळखू येतं. व्हिडिओच्या मध्यावर समोरचा उंच मुलगा चकती घेऊन सुसाट येतो, ती जागा पुन्हा बघ. निनाद त्याच्या अंगावर धावून जात नाही. त्याच्याकडे तोंड ठेवून पाठमोरा घसरत मागे येतो, काठी लांब धरून मधली वाट अडवतो, दोघांतलं अंतर वाढू देत नाही. त्या मुलाला शेवटी कडेच्या फळीकडे वळावं लागतं आणि तिथून मारलेला फटका गोलीच्या छातीवर बसतो. टाळ्या गोलीला मिळाल्या. गोल मात्र निनादने वाचवला होता, फटका बसायच्या आधीच.

या कामाची दाद उशिरा मिळते आणि कधीकधी मिळतच नाही, हे तुझ्यापासून लपवणार नाही. आपल्या पुण्याचे बाबू निमल १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये खेळले. त्या संघाचं नाव निघालं की ध्यानचंद आठवतात, आठवायलाच हवेत. पाच सामन्यांत भारताने ३८ गोल केले, हेही लोक सांगतात. भारतावर किती झाले ते सहसा कुणी सांगत नाही. एक. तोही अंतिम सामन्यात जर्मनीने केला, आणि तो सामना आपण ८-१ ने जिंकला. निमल त्या सामन्यात हाफ होते, म्हणजे पुढच्यांना चेंडू पुरवायचा आणि उलटून आलेला हल्ला बॅकच्या आधी आपण अंगावर घ्यायचा. ऑलिंपिकचं सुवर्णपदक मिळवणाऱ्या माणसाचं नाव आज या शहरात किती पोरांना माहीत आहे? मला याचं फार वाईट वाटतं. भेटेल त्या हॉकीच्या पोराला मी ते नाव सांगतो.

तू टोरांटोत राहतेस, तर निनादला बोर्ये साल्मिंगबद्दल विचार. त्याला माहीत नसेल तर तू सांग, कारण ही गोष्ट तुम्हा परदेशी गेलेल्या सगळ्यांच्या जवळची आहे. स्वीडनच्या अगदी उत्तरेकडच्या किरुना या खाणीच्या गावातला हा मुलगा. पाच वर्षांचा असताना वडील खाणीतल्या अपघातात गेले. १९७३ मध्ये तो टोरांटो मेपल लीफ्सकडे आला, तेव्हा एनएचएल या तिकडच्या व्यावसायिक लीगमध्ये युरोपातले खेळाडू मोजके होते आणि स्वीडनचे म्हणजे भित्रे, असंच धरलं जाई. समोरचे मुद्दाम काठीने मारत, शिव्या देत. तो सोळा हंगाम त्या क्लबकडून बचावात खेळला. प्रतिस्पर्ध्याच्या फटक्यासमोर अंग झोकून द्यायचा. १९८६ मध्ये गोलसमोरच्या झटापटीत एका खेळाडूच्या स्केटचं पातं त्याच्या चेहऱ्यावरून गेलं, दोनशेहून जास्त टाके पडले. आई म्हणून तुला हे वाचवणार नाही, पण या पेशाची ही किंमतही तुला ठाऊक असायला हवी. १९७६ च्या कॅनडा कप स्पर्धेत तो स्वीडनच्या जर्सीत टोरांटोच्या बर्फावर उतरला, आणि त्याचं नाव पुकारताच सगळं प्रेक्षागृह उभं राहिलं. परक्या देशाच्या कपड्यांतल्या माणसाला त्या लोकांनी आपला म्हटलं. सहकाऱ्यांच्या ६२० गोलांमागे त्याचे पास होते, लीफ्सच्या इतिहासात हा आकडा आजही सर्वांत मोठा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो शेवटचा टोरांटोला आला, तेव्हा असाध्य आजाराने त्याचं बोलणं बंद झालं होतं, हातही उचलवत नव्हता. जुना सोबती डॅरिल सिटलर त्याचा हात धरून वर करत होता. दोन आठवड्यांत साल्मिंग गेला. ते चित्रीकरण मी पाहिलं तेव्हा मला रडू आवरलं नाही.

आणि घाई करू नकोस. निकलस लिडस्ट्रॉम हाही स्वीडनचाच. १९८९ मध्ये एनएचएलच्या खेळाडू-निवडीत डेट्रॉइटच्या क्लबने त्याला घेतलं ते तिसऱ्या फेरीत, ५३ व्या क्रमांकावर. सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याला पहिल्यांदा मिळाला तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता, आणि सातवा मिळाला तेव्हा एक्केचाळीसचा. वीस हंगामांत १५६४ सामने, सगळे एकाच क्लबकडून, आणि दंडाच्या बाकावर एकूण ५१४ मिनिटं. म्हणजे सामन्यामागे वीस सेकंदही नाहीत. धक्काबुक्कीशिवाय, केवळ कुठे उभं राहायचं हे ओळखून तो खेळला. मला तर हाच खरा आदर्श वाटतो.

इथे आमच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या परिसरात आता मण्यांत पाणी उतरतंय. बागायतदाराला विचार, या घडांसाठी सगळ्यांत महत्त्वाची कुठली छाटणी. तो एप्रिलची खरड छाटणी सांगेल. त्या छाटणीनंतर वेलीला एकही घड येत नाही, फक्त पुढच्या घडांची काडी तयार होते. निनाद सध्या काडी तयार करतोय.

एक मात्र ऐक. शाळा सुटता कामा नये. वांद्र्याचा विरेन रस्किन्हा हाफ म्हणून अथेन्स ऑलिंपिक खेळला, कर्णधारही झाला, आणि २००८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी खेळ थांबवून हैदराबादला व्यवस्थापन शिकायला गेला. पुढे ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट या संस्थेतून त्याने दुसऱ्या खेळाडूंसाठी जे काम उभं केलं, ते त्या शिक्षणामुळे जमलं. निनादच्या गुडघ्याची खात्री कुणी देणार नाही, पुस्तकांची तू देऊ शकतेस.

गोल का नाही, हे घरी यापुढे विचारू नका. समोरच्याला मधून किती वेळा येऊ दिलंस, ते विचारा. त्याचं उत्तर तो उत्साहाने देईल, करून बघ.

बर्फावर बॅक जोडीने खेळतात. निनादच्या जोडीला कोण असतो, त्या दोघांचं एकमेकांशी कसं जमतं, हे पुढच्या पत्रात कळव. आणि व्हिडिओ काढशील तेव्हा कॅमेरा चकतीच्या मागे फिरवू नकोस, निनादवरच ठेव.

जावईबापूंना नमस्कार, निनादला पाठीवर थाप.

तुझा,
मामा